अक्का, पाणी घेऊ का?

चौतीस वर्षं मी तुला 'तुम्ही' म्हटलं, अक्का. घरातली थोरली जाऊ, म्हणून. आज 'तू' म्हणते. राग आला तर उठ आणि मार.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. सकाळपासून ओसरीवर बायका येऊन बसतात आणि एकच वाक्य बोलतात, "लई पुण्यवान बाई, हिमालयात देह ठेवला." मी मान हलवते. देह ठेवला म्हणे! तू काय तप करायला गेली होतीस? लातूरला नळ महिना-महिना येईना, रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, तेव्हा आमच्या महेशनं पुण्याहून फोन केला, "आई, मोठीआईला घेऊन आठ दिवस थंड जागी जाऊन ये. तेवढंच दोघींचं पाणी घरात वाचतंय." लडाखची सहल त्यानंच ठरवली. पाणी वाचवायला म्हणून सरोवर बघायला पाठवलेल्या बायका जगात आपण दोघीच असू.

त्या ओसरीवरच्या बायकांना एक गोष्ट माहीत नाही. घरातही कुणाला माहीत नाही. मी तुला मारलं का, हे मला तुला विचारायचंय. डॉक्टर 'नाही' म्हणाले, पण डॉक्टरांना मी खरं सांगितलं नव्हतं. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मधे बोलायचं नाही. आयुष्यभर तू बोललीस, आता माझी पाळी आहे.

मी भोकरहून लग्न होऊन आले तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आमच्या वडिलांना कोण आनंद! पोरगी जिल्ह्याच्या गावी पडली, डाळीचं दुकान असलेलं घर मिळालं, नशीब काढलं पोरीनं. भोकरला आमच्या परसात विहीर होती. मी हवं तेवढं शेंदायचे, हवं तेवढं सांडायचे. इथं आले तर न्हाणीच्या दाराशी लोखंडी टाकी, टाकीला कुलूप, आणि किल्ली तुझ्या कमरेला. जिल्हा झाला होता, पाणी झालं नव्हतं.

"ए भोकर," तू पहिल्याच सकाळी म्हणालीस, "पाणी लागलं की विचारायचं. न विचारता तांब्या बुडवायचा न्हाई." माझं नाव शैला आहे. तुझ्या तोंडून ते मी चार-पाच वेळा ऐकलं असेल, तेही पाहुण्यांसमोर.

तिसऱ्या महिन्यात मी डोकं धुवायला बसले. उन्हाळा, दुष्काळ, केस गुडघ्यापर्यंत. टाकी उघडी दिसली म्हणून एक बादली घेतली आणि विचारलं नाही. डोक्याला साबण लावला, फेस झाला, डोळे मिटून हात पुढं केला तर बादली नाही. तू उचलून नेली होतीस. ओतलीस टाकीत आणि कुलूप घातलंस. मी म्हणाले, "अक्का, साबण आहे डोक्याला." तू म्हणालीस, "घेताना विचारलं होतं का?" बस्स, एवढंच. वर ओरडली असतीस तरी चाललं असतं.

आणि त्याच दिवशी माझे वडील आले. भोकरहून एसटीनं, हातात भोकराच्या लोणच्याची बरणी घेऊन. मी पदर डोक्यावरून घट्ट ओढून त्यांना चहा नेऊन दिला. साबण वाळून केसांच्या दोऱ्या झाल्या होत्या, कपाळावर पांढरी पापुद्री धरली होती. त्यांनी बघितलं. चहा अर्धा ठेवला आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठले. गाडीला अजून दोन तास होते. संध्याकाळी तू मला पाण्याची बादली दिलीस. मी धुतलं डोकं. पण ती बादली मी आजपर्यंत विसरले नाही, आणि वडील तर नंतर या घरात जेवायलाच थांबले नाहीत.

तेव्हापासून रोज सकाळी मी विचारत आले, "अक्का, पाणी घेऊ का?" तू म्हणायचीस, "घे." महेश झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मला चष्मा लागला, गुडघे गेले. तरी टाकीपाशी उभी राहून मी विचारायची आणि तू म्हणायचीस, "घे." ह्यांना सांगितलं की ह्यांचं ठरलेलं, "जाऊ दे गं. दादा लवकर गेले, लेकरूबाळ न्हाई, तिला तेवढीच एक सत्ता हाय." तिची सत्ता होते हो, आणि माझी चौतीस वर्षं जातात, त्याचं काय?

एक गोष्ट मात्र खोटं कशाला बोलू. महेश पाच वर्षांचा असताना तापानं फणफणला. त्या वर्षीही पाणी नव्हतं. टाकीचा तळ लागला होता आणि तू तुझ्या लिंगपूजेसाठी वाटीभर पाणी बाजूला ठेवलं होतंस. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्याला पाणी घातल्याशिवाय तू तोंडात काही घालायची नाहीस, हे सगळ्या गल्लीला माहीत. त्या सकाळी तू ती वाटी उचललीस, त्यात फडकं भिजवलंस आणि माझ्या पोराच्या कपाळावर ठेवलंस. पूजा नुसती विभूती लावून केलीस. मी बघत होते. मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं आणि पडले नाही, कारण साबणाची बादली आठवली. असं आपलं दोघींचं सगळं.

आता लडाख.

लेहला उतरलो तेव्हा ड्रायव्हर घ्यायला आला. स्टॅन्झिन नावाचा पन्नाशीचा शांत माणूस. गाडीत आपण दोघी आणि उदगीरचे एक नवरा-बायको. त्यानं पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली थैली माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, "बहनजी, पानी आपके पास. सबको पिलाते रहना. इधर दिन में चार लीटर पीना पड़ता है, प्यास लगे न लगे." मी त्या थैलीकडं बघितलं आणि मला हसू आलं. तीन हजार किलोमीटर लांब आल्यावर किल्ली माझ्याकडं आली होती.

मी तिथल्या तिथं ठरवलं, हिनं मागितल्याशिवाय द्यायचं नाही. एकदा, फक्त एकदा, हिच्या तोंडून ऐकायचं, 'शैला, पाणी घेऊ का?' मग सगळी थैली ओतेन मी हिच्या पुढं.

खोलीत माणशी रोज दोन बाटल्या मिळायच्या. तुझ्या उशाशी ठेवलेल्या सकाळी दिसायच्या नाहीत. मी विचारलंही एकदा, "पाणी प्यायलात का?" तू म्हणालीस, "झालं माझं." मी धरून चालले की खोलीत पितेस. म्हणून गाडीत निर्धास्तपणे छळलं. हे नीट ऐक, अक्का, कारण पुढं याचंच काम आहे.

खर्दुंगलाच्या चढाला तुझे ओठ तडकले. तू थैलीकडं बघितलंस, मग माझ्याकडं बघितलंस, मग खिडकीबाहेर. मी मुद्दाम बाटली उघडली आणि घटाघटा प्यायले. उदगीरच्या काकांनी मागं वळून विचारलं, "अक्कांना दिलं का पाणी?" मी म्हणाले, "त्यांना न्हाई चालत. सारखं उतरावं लागतं मग." तू ऐकलंस.  वर घाटात रस्त्याच्या दोन्ही बाजूला माणूसभर बर्फ होता. तू काचेला नाक लावून म्हणालीस, "एवढं पाणी असं उघड्यावर टाकून दिलंय. कुणी झाकायचं तरी!" सगळी गाडी हसली. मी हसले नाही. मला राग आला, की इथं येऊनसुद्धा ही मलाच शिकवते.

आणि नुब्राचा तो दिवस. हुंदरला वाळूच्या टेकड्या, चहूकडं डोंगर, मधे ओढा, आणि पाठीवर दोन मदारी असलेले ते केसाळ उंट. तू उंटाभोवती एक चक्कर मारलीस, दोन्ही मदारी निरखून बघितल्यास आणि म्हणालीस, "ह्याच्याजवळ दोन टाक्या हायत गं." मी म्हणाले, "कुलूप कुठं लावलंय बघा." तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं आता पडते थोबाडीत. आणि तू हसलीस! तोंडाला पदर लावून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मीही. दोघी म्हाताऱ्या वाळूत फतकल मारून हसत बसलो, ते उदगीरच्या काकूंनी फोटोतही काढलंय. चौतीस वर्षांत आपण दोघी एका गोष्टीवर हसलो ती हीच. आणि हसता हसता तुला खोकला आला. तो थांबेना. मी पाठ चोळली. बाटली उघडली नाही. म्हटलं, आता मागेल. आता इतकं गोड झालंय, आता तरी मागेल. तू उठलीस, साडी झटकलीस आणि गाडीकडं निघालीस.

तो खोकला रात्रभर होता. दुसऱ्या दिवशीही तिथंच मुक्काम, खोकला होताच. तिसऱ्या सकाळी सामान चढवताना तुझी बॅग उचलून मी म्हणाले, "दगड भरलेत का हिच्यात?" तू म्हणालीस, "राहू दे तुला, तो उचलेल." स्टॅन्झिननं बॅग घेतली आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "माताजी को कब से खाँसी है? पँगाँग और ऊपर है. आप बोलो तो छोड़ देते हैं, सीधा लेह चलते हैं."

त्याचं उत्तर द्यायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात काय काय मनात आलं ते सांगते. लग्नानंतर माहेर सोडलं तर मी उमरग्याच्या पलीकडं गेले नव्हते. कॅलेंडरवर त्या निळ्या तळ्याचं चित्र मी वर्षभर बघत होते. आणि तुझ्यामुळं, परत एकदा तुझ्यामुळं, ते राहणार होतं. मी म्हणाले, "कुछ नहीं भैया, बुढ्ढी की आदत है."

हे ते, अक्का. हे कुणाला माहीत नाही.

पँगाँग काय आहे ते तू बघितलंस, मी काय सांगू. एवढा निळा रंग मी साडीतसुद्धा बघितला नव्हता. डोंगरापासून डोंगरापर्यंत पाणीच पाणी, नजर पुरत नव्हती. सगळे फोटो काढायला धावले. तू मात्र चपला काढून, पदर खोचून, देवळात जावं तशी पाण्यापर्यंत गेलीस, ओंजळ भरलीस, कपाळाला लावलीस आणि तोंडात घेतलीस. थुंकलीस. "खारट हाय गं!" लहान लेकराला फसवल्यावर होतं तसं तुझं तोंड झालं होतं. "एवढं असून प्यायचं न्हाई. मग कशाला ठेवलंय?"

आणि मी बोलले. "तुमच्या टाकीसारखंच आहे ते, अक्का. बघायचं, हात लावायचा न्हाई."

कितीतरी वर्षं ते वाक्य मी धार लावून ठेवलं असणार, नाहीतर इतकं पटकन कुठून आलं?  तिथंच एका दगडावर बसलीस, ओले हात मांडीवर ठेवून. मला जिंकल्यासारखं वाटलं. खरं सांगते, लई बरं वाटलं. मी फोटो काढून घेतला.

उजाडता उजाडता मला जाग आली ती तुझ्या श्वासानं. चुलीवर भांडं उकळतंय असा आवाज छातीतून येत होता. ओठ काळेनिळे. मी स्टॅन्झिनला ओरडून बोलावलं. त्यानं ऑक्सिजनची नळी लावली, तुला चादरीसकट उचलून गाडीत ठेवलं, आणि तो माणूस त्या घाटातून कसा गाडी हाकत होता ते मला आजही आठवत नाही. मी थैली उघडली. सगळ्या बाटल्या मांडीवर घेतल्या. एक तुझ्या तोंडाला लावली. "घ्या, अक्का. घ्या ना पाणी. न मागता देते मी, घ्या." तुला गिळता येईना. तोंडातून ओघळून पाणी तुझ्या गळ्यातल्या लिंगावर पडलं. तू हात वर केलास. मला वाटलं माझा हात धरतेस. तू बाटलीचं झाकण चाचपत होतीस. सांडतंय म्हणून.

लेहच्या दवाखान्यात तू दुपारपर्यंत होतीस. डॉक्टर म्हणाले, उंचीमुळं होतं असं, फुफ्फुसांत पाणी भरलं. मी दोनदा विचारलं, काय भरलं? पाणी, म्हणाले. मी विचारलं, कमी पाणी प्यायल्यानं होतं का हे? ते म्हणाले, तसं नाही, पण वेळेवर खाली आणायला हवं होतं. खोकला कधीपासून होता? मी म्हणाले, कालपासून. स्टॅन्झिन दारात उभा होता. त्याला मराठी येत नव्हती, पण डॉक्टर हिंदीत विचारत होते आणि मी हिंदीतच खोटं बोलले. त्यानं मान खाली घातली. हैदराबादच्या विमानात तुझी पेटी चढवेपर्यंत तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही. त्यानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्याच्या पाया पडले असते.

घरी आणलं तेव्हा टाकीत हातभर पाणी होतं. तुला न्हाऊ घालायला गल्लीतल्या घराघरातून घागरी आल्या. कुणाच्या घरात किती होतं ते मला माहीत होतं, म्हणून सांगते, ज्यांनी आणलं त्यांनी दुसऱ्या दिवशी आंघोळ केली नसणार. जंगम आले, विभूती लावली, लिंग हातात देऊन तुला बसती केली आणि म्हणाले, अक्का लिंगैक्य झाल्या. मी तुझ्या अंगावर पाणी ओतत होते आणि मनात एकच चाललं होतं, आता ओरडेल, एवढं कशाला ओततीस म्हणून.

किल्ली ह्यांनी मला दिली. मी घेतली नाही. खुंटीवर आहे.

आज सकाळी महेशनं तुझी बॅग उघडली. आल्यापासून ती कोपऱ्यात पडली होती. वरच्या दोन साड्या काढल्या आणि तो थांबला. म्हणाला, "आई, हे बघ." एकेक लुगड्यात, एकेक मोज्यात गुंडाळलेल्या बाटल्या. सीलसुद्धा तोडलेलं नाही. दहा हॉटेलच्या आणि एक विमानातली, बोटाएवढी. अकरा.

म्हणजे तू खोलीतही पीत नव्हतीस. मी म्हणत होते ना, खोलीत पितेस म्हणून गाडीत छळलं. तेवढाच एक आधार होता माझ्याजवळ. तोही तू मोज्यात बांधून आणलास. पाच दिवसांत तुझ्या पोटात गेलं काय, तर पूजेनंतरचं तीर्थ आणि कपभर चहा! ह्या गावात राहून राहून तुला तहानच लागेनाशी झाली होती की काय? आणि मी बसले होते तुझी जिरवत. तुला माहीत तरी होतं का, अक्का, की आपलं भांडण चाललंय?

महेश म्हणाला, "लेहहून फोन केला होता मोठीआईनं. म्हणाली, इथं पाणी फुकट देतेत रे. मी घेऊन येतेय. पण तुझ्या आईला आत्ताच सांगू नको, तिला कळलं तर इथंच डोकं धुवून संपवील. राजाची लेक हाय ती, तिला केस धुवायला लागतेत. घरी आल्यावर धू म्हणावं एकदा, पोटभर."

मी त्याच्या हातातून बॅग घेतली आणि न्हाणीत गेले. कडी लावली नाही. पाटावर बसले, अकरा बाटल्या ओळीनं मांडल्या. केस सोडले. आता कुठले गुडघ्यापर्यंत, उंदराची शेपटी राहिलीय. पूजेच्या तांब्यातलं दोन ओंजळी पाणी घेऊन ओले केले, साबण लावला, चोळला, भरपूर फेस केला. डोळे मिटले आणि हात पुढं केला. पहिली बाटली हाताला लागली. कुणी उचलून नेली नव्हती.

मी मोठ्यानं विचारलं, "अक्का, पाणी घेऊ का?"

ओसरीवरच्या बायका उठून आत डोकावल्या. हे धावत दारात आले. म्हणाले, "अगं घे की! कुणाला विचारतीस?" मी ह्यांना जा म्हणाले. थोड्या वेळानं महेश येऊन उभा राहिला. तोही म्हणाला, "घे ना, आई." त्यालाही जा म्हणाले.

फेस वाळत चाललाय. कपाळाला, कानामागं ओढ बसायला लागलीय, त्या दिवशी बसली होती तशीच. एकाही बाटलीचं सील मी तोडलेलं नाही. विचारलंय मी, अक्का. ह्या वेळी विचारून बसले आहे.

घे म्हण.